प्रश्नावली घेऊन आलेला पाहुणा

"ही गाडी पिंपळझरीस जाते काय?"

मूर्तिजापूरच्या स्टँडवर 'पिंपळझरीस' म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. उंच, सावळा, पाठीला बॅग, आणि चेहऱ्यावर असा गोंधळ की हसूच यावं. मला आलंच.

"जाते ना. पण तुमी काहून जाऊन राहिले तिकडं? पाहासारखं काई नाई तिथं."

"असं कसं? तिथं पिंपळझरीकरांचा जन्म झाला!"

हे पिंपळझरीकर म्हणजे आमच्या गावचे नामांकित कथाकार. गावात त्यांचं पुस्तक कुणी उघडत नाही, अभिमान मात्र सगळ्यांना आहे. त्यांच्या जन्मघरात आता वाचनालय आहे आणि तिथली ग्रंथपाल मी, प्रणाली. हे सांगताच त्यानं माझ्या हातातले दिवाळी अंकांचे दोन्ही गठ्ठे स्वतःकडं घेतले.

त्याचं नाव सौमित्र. मॉरिशसचा. खापरपणजोबा कोकणातून बोटीनं तिकडं गेलेले. वर्षभर अमरावतीला राहून मराठी शिकला, आणि जाण्याआधी एक दिवस आवडत्या लेखकाच्या गावी घालवायचा म्हणून आला होता.

"पुढच्या गुरुवारी परत," तो सहज म्हणाला. ओळख होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती, आणि मला उगाच वाईट वाटलं.

गावात त्याला सगळंच आवडत होतं. ज्या खिडकीशी बसून पिंपळझरीकरांनी लिहिलं, तिच्या चौकटीवरून त्यानं हळूच बोट फिरवलं. विहिरीपाशी तर थबकलाच.

"कथेतली नायिका इथंच वाट पाहते... ना?"

"पाहे. आता सगळ्यायजवळ मोबाईल हाय."

"आणि आपण कुणाची वाट पाहता?"

"मी? एसटीची."

तो हसला. माझ्याकडं बघतच राहिला... मी बादलीतलं पाणी बघत राहिले. बादली रिकामी होती.

मी कुणाची वाट पाहत होते, ते मलाही नीट माहीत नव्हतं. येत्या रविवारी अकोल्याच्या जठारपेठेतले लोक मला पाहायला येणार होते. रामरावमामांनी आणलेलं स्थळ. मुलगा चांगला, घर चांगलं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आमच्याकडं याचा अर्थ हो असाच धरतात.

गावात हॉटेल नाही, त्यामुळे लेखकाचं घर पाहायला आलेला प्रत्येक जण जेवायला आमच्याच घरी. आईनं झुणका-भाकरी केली, मी वाढली. सौमित्रनं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आई खूश झाली. बाबा समोर बसले. शेजारच्या शकुनकाकू विरजण मागायला म्हणून आल्या आणि विरजण विसरून दारातच उभ्या राहिल्या.

मी बडीशेपेची वाटी घेऊन बाहेर आले, तोच त्यानं बॅगेतून एक कागद काढला. कॉलेजची प्रश्नावली. लेखकाच्या गावातल्या एका वाचकाची माहिती भरून न्यायची होती.

"आपलं पूर्ण नाव?"

मी सांगितलं.

"वय? शिक्षण? ...मामाचं गाव कोणतं?"

बोलीचा अभ्यास करताना आजोळ विचारावं लागतं म्हणे. पुढं वाचनाचे वीस प्रश्न होते, पण एसटीची वेळ झाली म्हणून तो तेवढ्यावरच थांबला. बॅगेतून खण, नारळ आणि पेढ्यांचा पुडा काढून त्यानं दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. अमरावतीच्या घरमालकीण आशाबाईंनी बजावलं होतं, जी बाई जेवू घालेल तिला खण-नारळ दे. जेवायला तर मीच वाढलं होतं!

आमच्याकडं मुलगी पाहायला आलेले लोक नेमकं हेच विचारतात आणि पसंत पडली की नेमकं हेच हातात ठेवतात. आईनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला. शकुनकाकू दारातून दिसेनाशा झाल्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. खरं सांगते, ते अर्धं मिनिट मला वाटलं... हे खरंच असतं तर!

मी त्याला एसटीपर्यंत सोडायला निघाले; आम्ही थांब्यावर पोचेपर्यंत गावभर झालं होतं. पारावरून कुणीतरी ओरडलंच, "काय जवाईबुवा, निघाले का?"

"ते मला जवाई का म्हणाले?"

मी सांगितलं. सगळं. तो मटकन दगडावर बसला.

तेवढ्यात बाबा मोटरसायकलवर आले. फोन चालूच होता. बातमी रामरावमामांपर्यंत गेली होती.

"पाहुणे, सरळ बोला. अकोल्यावाल्यायले काय सांगू? येऊ देऊ का नको?"

सौमित्र उभा राहिला. "काका, माझी चूक झाली. मला इथली रीत माहीत नव्हती. त्यांना येऊ द्या. माझ्यामुळं हिचं नुकसान नको."

शहाण्या माणसानं बोलावं तेच तो बोलला. मी रस्त्याकडं तोंड फिरवलं. तो पुन्हा म्हणाला, अगदी हळू, "पण चूक कळल्यावर मला... लाज वाटायला हवी होती. वाटलं भलतंच. चूक नसती तर बरं झालं असतं, असं वाटलं."

मी बाबांच्या हातातून फोन घेतला. "मामा, मी प्रणाली. रविवारी कोणाले आणू नका."

"अवं, पण काहून?"

"मले दुसरा आवडला. त्याचं काय ते तो पाहीन. माझं नक्की झालं."

फोन बंद केला तेव्हा माझे कान तापले होते. बाबांनी फोन परत घेतला. मग ते सौमित्रकडं वळले.

"तुमी गुरुवारी चालले. माही पोरगी इथं झुरत बसन, ते मले चालनार नाई. लावा घरी फोन. माह्यासमोर."

त्यानं क्षणाचाही विचार केला नाही. तिकडं त्याच्या आईनं फोन उचलला आणि दोघं त्यांच्या बेटावरच्या, फ्रेंचसारख्या भाषेत बोलू लागले. तो भराभर बोलत होता. मला त्यातला एकच शब्द कळला — माझं नाव. चार वेळा आलं. पाचव्यांदा त्याचा आवाज कापला.

"काय सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"मला परत यायचंय, आणि कुणासाठी, ते." त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "आई म्हणते, आधी तिच्याशी बोलू दे."

मी फोन कानाला लावला. सबंध पिंपळझरीत जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती मी, नुसतं "हॅलो... हॅलो... हॅलो..." करत राहिले.