गणपतीच्या फळीवरचा नाकाड्या

नाकाड्याला वर चढवून तात्या मुकादमांना काय मिळणार होतं? फरशी धुताना अंगावर पाणी उडालं की तो उगाच बोंबलायचा, ते बंद. म्हणजे रोजची दहा मिनिटं शांतता, वर थोडं पुण्य. तात्यांना सौदा स्वस्त वाटला.

नाकाड्या म्हणजे जयसिंगपूरच्या एका भडंग कारखान्यातला बोलका वायुसूचक (गळलेला गॅस हुंगून इशारा देणारं यंत्र). साल २०४७. खंडेनवमीला कढया-झाऱ्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागलं. आता पूजलेली वस्तू पायाशी कशी ठेवायची? तात्यांनी त्याला आढ्याजवळ, गणपतीच्या फळीवर बसवलं.

"मला खाली ठेवा," नाकाड्या म्हणाला.

"देवाशेजारी जागा मिळाली तरी तक्रार! गप बस."

तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर शेंगदाणे निवडत बसलेल्या शेवंतामावशी म्हणाल्या, "तात्या, गॅसचा वास येतोय हो."

"गॅस असता तर नाकाड्या ओरडला नसता? लसणाचा असेल." तात्यांनी भट्टी पेटवली.

फरशीवरून निळी ज्वाळ सळसळत गेली.

मावशींनीच वाढवलेली त्यांची भाची राही, इयत्ता सहावी, दवाखान्यातून थेट फळीखाली येऊन उभी राहिली. "झोपला होतास?"

"जागा होतो. माझ्यापर्यंत गॅस आलाच नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. गळला की पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो."

"मग सगळे सूचक खालीच लावायचे?"

"छे. बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया हवेपेक्षा हलका, त्याच्यासाठी वर. आधी वायूचं वजन विचारायचं, मग खिळा ठोकायचा. आणि वास आला की यंत्राची वाट बघायची नाही. ज्योत नाही, बटण नाही; झडप बंद, दारं उघडी, सगळे बाहेर."

"हे तात्यांना का नाही सांगितलंस?"

"खाली ठेवा म्हणालो. त्यांनी 'का' विचारलं नाही."

राहीने त्याला फरशीपासून वीतभर उंचीवर लावलं, पाणी उडू नये म्हणून वर पत्र्याचा आडोसा केला. तात्या खिळे देत होते.

"आता इथे कुणी भाजणार नाही," नाकाड्या म्हणाला.

"आणि मावशी?"



हिशोब उंचीप्रमाणे लागला. नाकाड्या नऊ फुटांवर, त्याला ओरखडा नाही. तात्या उभे होते, त्यांच्या पोटऱ्या भाजल्या, महिन्याभरात भरतील. मावशी फरशीवर बसल्या होत्या. त्यांची बोटं आता कधीच मिटणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

राही शाळेत जाते ती मोकळ्या केसांनी. वेणी मावशी घालायच्या.