कोपऱ्यातला अंगठा

खरा फोन कुठला आणि खोटा कुठला, हे दोन वर्षांच्या पोराला शिकवावं लागत नाही. फ्लोरिदाल्माने चिकिमुलाच्या बाजारातून एल्मरसाठी गाणी म्हणणारा लाल फोन आणला. त्याने तो कानाला लावला, उलटा करून पाहिला आणि काळ्या घेवड्याच्या पातेल्यात टाकून दिला. मग आईच्या फोनकडे हात करून म्हणाला, "दे!"

पण आईच्या फोनवरच तर घराची चूल पेटत होती. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे ती पडवीत बसून एकेक करून फोनसमोर धरून थेट दाखवायची, आणि गावभरच्या बायका तिथल्या तिथे मागणी सांगायच्या. मागे पोर ब्लाऊज ओढत उभं. "एक मिनिट हं, राजा," ती मान वर न करता म्हणायची. ते मिनिट काही संपत नाही हे तिलाही ठाऊक होतं, आणि रात्री त्याच्या झोपलेल्या तोंडाकडे बघताना तिला स्वतःची शरम वाटायची.

जेवणाच्या वेळी मात्र ती हरायची. घास हवा तर फोन हवा, असा एल्मरचा कायदा. भरवून होईपर्यंत तो ढीगभर फोटो काढून मोकळा व्हायचा: टेबलाची खालची बाजू, कोंबडीचं बूड, आजीचे पाय. सगळ्यांच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आलेला.

संध्याकाळी अंगणातल्या हौदापाशी टबात आंघोळ. घर घेतलं तेव्हा त्याच्याबरोबरच आलेला हा सिमेंटचा हौद चांगला खोल होता. नळाला पाणी कधीमधीच यायचं, म्हणून तो कायम भरलेला असे. पोर पाण्यातून निघायलाच तयार नसायचं. बोटांना आजीसारख्या सुरकुत्या पडल्या की ती आईसमोर नाचवून ओरडायचं, "आजी! आजी!"

एकदा फोनमधले फोटो पुसता पुसता फ्लोरिदाल्मा थांबली. पाठमोरी तीच. गठ्ठ्याशी बसलेली, मान खाली, कोपऱ्यात अंगठा. आणि तिच्या हातात फोन. हाच, काच तडकलेला.

घरात दुसरा कॅमेरा नव्हता. सासूचा फोन बटणांचा.

"दोन्या त्रान्सितो, हा कुणी काढला असेल?" तिने सासूला विचारलं.

टांगलेल्या दोरीच्या झोळीत पडल्या पडल्या सासूने डोळे बारीक केले. "मान बघ कशी लोंबतेय तुझी. पोरानं काढलाय, आणखी कोण काढणार?"

"अहो, पण फोन तर माझ्याच हातात दिसतोय."

"दिसणारच. कधी नसतो गं?"

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. तिने फोटो पुसला. दोन दिवसांनी तसेच आणखी आले. ब्लाऊज वेगळे, दिवस वेगळे, पण दरवेळी तीच पाठ, तीच वाकलेली मान. आणि दर फोटोत ती जरा लांब गेलेली. आधी हात पोचेल इतकी जवळ, मग खांबापलीकडून, मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून. शेवटच्यात खालच्या बाजूला हौदाचा करडा काठ दिसत होता.

"कुणी काढले रे, बाळा?"

एल्मरने हौदाकडे बोट दाखवलं आणि लगेच हात पसरला. "दे!"

"एक मिनिट हं, राजा." शब्द सवयीने तोंडातून निघून गेले.

त्या दुपारी विक्री जोरात होती. एका बाईला गुलाबी झबल्याचा फोटो हवा होता, म्हणून तिने फोटो उघडले.

सगळ्यात वरचा हिरवट होता. हलणाऱ्या पाण्याच्या तळातून वर पाहावं तसा. लांब वर तिची पाठ. आजचा पिवळा ब्लाऊज. हातात गुलाबी झबलं.

ती वळली.

एल्मर उपड्या बादलीवर चढला होता. पोट हौदाच्या काठावर, पाय अधांतरी, हात खांद्यापर्यंत पाण्यात.

ती धावली. कमरेला धरून तिने त्याला ओढलं.

तो लाथा झाडत रडत होता. हात पाण्याकडेच पसरलेला. "फोन! दे! दे!"

फोन पडवीत पडला होता. तिने हौदात वाकून पाहिलं. तळाशी फक्त कुणाच्या तरी हातून पडलेला पाणी उपसायचा डबा होता.

दुसऱ्या दिवशी तिने हौदावर फळ्या टाकून वर दगड ठेवले. पोर झोपेल तेवढाच वेळ कामाला. एरवी फोन कपाटावरच्या पिठाच्या डब्यात. गिऱ्हाइकं तुटली तरी चालतील म्हणाली. पण पोराने गळ्यात हात टाकले की आपण याला लायक नाही असं वाटून तिचे डोळे भरून यायचे.

रविवारी दुपारी तो झोपल्यावर तिने डबा उघडला. पिठाचा हात पुसून फोन चालू केला.

नवा फोटो होता. अंगणात ती जमिनीवर बसलेली, एल्मर मांडीवर. दोघं टाळ्या वाजवताना, चारही हात दिसत होते. हे आज सकाळचंच, फोन डब्यात असतानाचं. तिचं तोंड समोर होतं, आणि ती हसत होती.

फोटोला वर आणि खाली काळे पट्टे होते. ते हौदावरच्या फळ्यांमधल्या फटीचे काठ आहेत, हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

कोपऱ्यात इवलासा अंगठा आला होता. आजीच्या बोटासारखा सुरकुतलेला.