उत्कर्षा न्हाई आली का?

भोसरीच्या चौकात भल्या सकाळी कंपन्यांच्या पांढऱ्या बस उभ्या असतात. त्या सगळ्या एकसारख्या दिसतात, नव्या माणसाला तर नक्कीच. उदगीरहून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. डोळ्यांवर झोप होती, पाऊस भुरभुरत होता, आणि काचेमागची कंपनीच्या नावाची पाटी वाचून चढायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चढले, खिडकी पकडली आणि झोपले. जाग आली ती चाकणला, भलत्याच कंपनीच्या गेटसमोर. सगळे उतरून गेले होते. एवढ्या मोठ्या बसमध्ये मी एकटी... आणि आरशातून माझ्याकडे बघणारे दोन हसरे डोळे.

"मॅडम, ड्युटी संपली का व्हायचीय?"

"ही... ही माझी कंपनी नाही."

"माझी पण न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "कुठली तुमची?"

मी नाव सांगितलं. ती होती चाकणच्या दुसऱ्या टोकाला. त्यानं कपाळावर हात मारला नाही की उपदेश केला नाही. मुकाट्यानं गाडी वळवली आणि मला माझ्या गेटवर नेऊन सोडलं. एवढी मोठी बस बघून वॉचमननं दोन्ही दारं सताड उघडली.

"बघा," ड्रायव्हर म्हणाला, "अख्ख्या गाडीतनं एकटं तर कलेक्टरसाहेब पण येत न्हाईत."

मी हसले. झालं. सगळं तिथूनच सुरू झालं.

त्याचं नाव गणराज. भोसरीचाच, मूळ गावातला. त्यांची शेतं कधीच कारखान्यांखाली गेली. आता वडिलांच्या तीन बस कंपन्यांना लावलेल्या, त्यातली एक हा स्वतः चालवायचा. दुसऱ्या दिवसापासून चौकात मी दिसले की हा खिडकीतून हात बाहेर काढायचा. "मॅडम, तुमची ती तिकडची!" सगळी रांग माझ्याकडे बघायची. मला लाज वाटायची, पण ज्या दिवशी तो हात दिसायचा नाही त्या दिवशी करमायचं नाही.

एका बुधवारी त्यानं विचारलं, "उद्या सुट्टी. काय काय बघितलं आमच्या गावात?"

जगाला रविवारची सुट्टी असते, आमच्या पट्ट्यात गुरुवारची.

"खोली, बस आणि कंपनी," मी म्हटलं.

"अरारारा! चला, उद्या वडा खायला."

ज्योतीरामदादांची वड्याची गाडी चौकापासून जरा आत. कढईतून वडे निघत होते, लसणाची चटणी नाकात शिरत होती, गणराज पाव चिरून माझ्या हातात देत होता. मी पहिला घास घेणार, तेवढ्यात ज्योतीरामदादांनी झारा हलवत विचारलं, "काय रं, उत्कर्षा न्हाई आली का?"

गणराजचा हात थांबला. "न्हाई दादा," एवढंच तो बोलला.

असेल कुणी बहीण, चुलत बहीण. मी वडा खाल्ला. छान होता... असावा.

पुढच्या गुरुवारी पिंपरी कॅम्पात दाल-पकवान. गल्ल्यावरच्या सिंधी काकांनी प्रेमानं जास्तीची चटणी वाढली आणि विचारलं, "उत्कर्षा बेटी नहीं आई?" त्याच्या पुढच्या गुरुवारी निगडीच्या दुर्गाटेकडीवर. काय हवा, काय हिरवळ, खाली सगळं शहर पसरलेलं. मी मनात म्हटलं, इथे तरी कुणी विचारणार नाही. तर पायथ्याशी शेंगा विकणाऱ्या विमलबाई म्हणाल्या, "गणराज, ती नाजूक पोरगी कुठाय रे? उत्कर्षा?"

नाजूक! मी माझ्या हातातल्या शेंगांच्या पुडीकडे बघितलं. अर्धी संपवली होती.

मी काही जात्याच जळकुटी नाही. माझ्या धाकट्या बहिणीला माझ्याआधी स्कूटी मिळाली तेव्हासुद्धा मी दोनच दिवस बोलले नव्हते. पण ही उत्कर्षा आली नसूनही सगळीकडे होती. चिंचवडला देवाला गेलो, तर फुलवाल्याला ठाऊक. देहूला इंद्रायणीच्या घाटावर बसलो, तर चुरमुरेवाल्याला ठाऊक. मी या शहरात नवीन होते, आणि मला दाखवलं जाणारं शहर वापरलेलं होतं. पाण्यात माशांना चुरमुरे टाकताना मला वाटलं, हे मासेसुद्धा मान वर करून विचारतील.

"गप्प का?" गणराजनं विचारलं.

"काही नाही."

"असं 'काही न्हाई' म्हणत्यात तवा लई काही आसतं."

"गणराज, तुझ्या गावात अशी एखादी जागा आहे का, जिथे ती आलेली नाही?"

तो विचार करायला लागला. एक चुरमुरा त्याच्या बोटांत तसाच राहिला. देहूवरून परत भोसरीला येईपर्यंत तो विचारच करत होता! शेवटी गाडी थांबवून म्हणाला, "...न्हाई सापडत."

मग पुढच्या गुरुवारी मीच त्याला घेऊन गेले. माझ्या खोलीच्या मागच्या गल्लीत शालनबाईंची खानावळ आहे. शालनबाई आमच्या अहमदपूरकडच्या. पत्र्याची शेड, चार बाकं, शिफ्टवरून आलेली पोरं, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. गणराज दारात अडखळला. ती सगळी गल्ली, त्या भाड्याच्या खोल्या त्याच्याच चुलत्यांच्या होत्या. पण गाववाले भाडं घ्यायला गल्लीत येतात, जेवायला बसत नाहीत.

शालनबाईंची तर तारांबळ उडाली. "अगं माय! मालक, तुमी हितं? थांबा, खुर्ची मागवते—"

"खुर्ची नको, मावशी. बाकावर बसतो."

त्यानं ठेचा भाकरीवर घेतला, भाजी घ्यावी तसा. मी सांगणार होते, नाही सांगितलं. पुढच्या क्षणी त्याचे कान लाल, नाक लाल, डोळे भरलेले.

"कसं वाटलालंय?" मी विचारलं.

"ल... लई... भारी वाटलालंय," तो माझी नक्कल करत, हुंदके देत म्हणाला. बाकांवरची पोरं हसली. शालनबाईंनी दह्याची वाटी आणून ठेवली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळत होतं की मला हा माणूस हवा आहे. गुरुवारपुरता नाही, सगळ्या वारांना.

"उत्कर्षा इथे आली होती?" मी विजयी सुरात विचारलं.

"न्हाई. मीच आज पहिल्यांदा आलो."

तिथेच थांबायला हवं होतं मी. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. "मग आता सांग, कोण ती?"

त्यानं दह्याची वाटी खाली ठेवली. "आमचं लगीन ठरणार होतं. ती रहाटणीची. तीन वर्षं सगळीकडं संग फिरलो, सगळं बोललो. देवक तेवढं विचारलं न्हाई. सुपारी फोडायच्या दिवशी म्हाताऱ्यांनी विचारलं, आन् दोघांचं एकच निघालं. कळंब."

देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात पुजतात ते कुळाचं चिन्ह. कुणाचं कळंब, कुणाचं उंबर. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे मला माहीत होतं. सुपारी तशीच ताटात राहिली, दोन्हीकडची माणसं चहा पिऊन उठली, आणि वर्षभरात उत्कर्षाचं लग्न राजगुरुनगरला झालं. तेव्हापासून गणराज त्या जागांवर फिरकलाच नव्हता, म्हणून सगळे अजून तिलाच विचारत होते.

"आणि देवक एक निघालं नसतं तर?"

कुणीही शहाणा माणूस इथे खोटं बोलला असता. गणराजनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तर केलं असतं लगीन."

"म्हणजे दुधाची तहान ताकावर," मी उठत म्हटलं. "आणि ताक मी."

"दिव्या, ऐक तर—"

माझी अर्धी भाकरी ताटात राहिली. आमच्याकडे भाकरी टाकून कुणी उठत नाही. शालनबाई बघतच राहिल्या.

त्यानंतर मी चौकात मान खाली घालून माझ्या बसमध्ये चढायचे. तो हात बाहेर काढायचा, पण ओरडायचा नाही. नुसता हात. गुरुवारी मी खोलीत झोपून राहायचे आणि डोळ्यांसमोर ती दोघं दाल-पकवान खाताना दिसायची. ती नाजूक असल्यामुळे अर्धंच खायची, उरलेलं हा खायचा. मी कूस बदलायचे, तर दोघं टेकडीवर. रडायलाही यायचं आणि रागही यायचा. राग तिचा, त्याचा आणि त्या कळंबाचासुद्धा. कळंब नसता तर तो मला भेटलाच नसता, हे डोक्यात यायचं आणि मी आणखीच चिडायचे.

मग एका बुधवारी त्याचा मेसेज आला. 'उत्कर्षा माहेरी आली आहे. तुला भेटायचं म्हणते. उद्या ज्योतीरामदादांकडे येशील?'

जाणार नव्हतेच मी. म्हणून सकाळी उठून केस धुतले, निळा ड्रेस इस्त्री केला, तो काढून पिवळा घातला, तो काढून परत निळा घातला आणि गेले.

ती खरंच नाजूक होती. वर देखणी. हिरव्या बांगड्या, कपाळावर बारीक टिकली, स्कूटरला टेकून उभी. शेजारी गणराज, देवळाबाहेर चपला सांभाळायला बसवल्यासारखा. मी मनातल्या मनात चार टोचरी वाक्यं तयार केली, आणि तेवढ्यात ज्योतीरामदादांची नजर माझ्यावर गेली.

"आल्या बघा! आवं, कधीपास्नं विचारतोय मी याला, दिव्या न्हाई आली का, दिव्या न्हाई आली का... हा आपला मुका."

मी जागच्या जागी थांबले.

"ऐकलंस?" उत्कर्षा माझ्याजवळ येत म्हणाली. तिचा आवाज गोड होता, आणि त्यात चांगलीच मिरची होती. "तीन वर्षं या गाडीवर वडे खाल्ले मी. परवा लग्नानंतर पहिल्यांदा आले, तर 'कशी आहेस पोरी' नंतर. आधी काय? 'दिव्या न्हाई आली का?' विमलबाईंकडे गेले शेंगा घ्यायला. त्या म्हणतात, 'ती शेंगा आवडीनं खाणारी पोरगी छान आहे.' म्हटलं बघावी तरी कोण आहे ही बया!"

"मी... मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला ठाऊक आहे. मला पण तेच वाटलंय दोन दिवस." तिनं गणराजकडे बघितलं. "मला वाटलं होतं, माझ्यामागे हा निदान दोन वर्षं तरी उपाशी राहील. तर हा ठेचा खाऊन रडतोय म्हणे खानावळीत! माझ्यासाठी नाही कधी असला ठेचा खाल्ला." ती हसली, पर्स उचलली. "मी नवऱ्याबरोबर सुखात आहे गं. तरी वाईट वाटलं. वाटतं तसं. जाते मी."

ती स्कूटरकडे निघाली. माझी चारही टोचरी वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक.

गणराज दोन वडे घेऊन माझ्यासमोर आला. पाऊस परत भुरभुरायला लागला होता, वड्यांची वाफ त्याच्या तोंडावर येत होती.

"दिव्या, मी खोटं बोललो असतो त्या दिवशी, तर बरं झालं असतं का?"

"...नाही."

"तवाचं तवा खरं होतं. आत्ताचं आत्ता खरं हाय. एक विचारायचंय." त्यानं हातातले वडे सावरले. "मागच्या बारीला विचारायला तीन वर्षं लावली, तशी चूक परत करायची न्हाई मला. तुमचं... तुमचं देवक काय?"

कुणी गुलाब देतं, कुणी अंगठी देतं. माझ्या आयुष्यात हा प्रश्न आला, वड्याच्या गाडीपुढे, तोही एकदम आदरार्थी. आणि उत्तर मला माहीतच नव्हतं! कळंब निघालं तर?

मी तिथल्या तिथे उदगीरला फोन लावला. "आई, आपलं देवक काय गं?"

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला. नळ बंद झाला.

"कशाला विचारलालीस?"

"असंच."

"असंच कुणी विचारत न्हाई. कोण हाय त्यो? कुटला हाय?"

"आई, आधी सांग ना!"

"आदी त्याचं सांग."

"...कळंब."

ज्योतीरामदादांचा झारा हवेत थांबला. गणराजच्या हातातले वडे गार होत होते, आणि त्याचं सगळं लक्ष माझ्या कानाला लावलेल्या फोनवर. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते.

"आपलं मोराचं पीस," आई म्हणाली. "आन् फोन ठिवू नकोस. त्याला भाकरी चालती का, का नुसता भातच खातो?"

मला हसू आलं, रडूही आलं. मी गणराजकडे बघून नुसती मान हलवली. त्यानं दोन्ही वडे हातात घेऊन भर रस्त्यात डोळे मिटले.

"काय निघालं?" पलीकडून हाक आली. उत्कर्षा गेलीच नव्हती. स्कूटर सुरू करून पाय टेकून तशीच उभी होती.

"मोराचं पीस!" मी ओरडले.

ती हसली, हात हलवला. पण हसायच्या आधी क्षणभर तिच्या डोळ्यांत जे दिसलं, ते मी बरोबर ओळखलं. कितीतरी गुरुवार तेच माझ्या डोळ्यांत होतं. ती स्कूटर वळवायला लागली, आणि मला राहवेना.

"उत्कर्षा," मी हाक मारली, "ये की गं. वडा खाऊन जा."