पियानोच्या डावीकडचा खळगा

"ढोल्या, मशीनसमोर फतकल मारून बस! दादा, तू प्लग उपट!" चिमणी ओरडली आणि तिघं भावंडं संगीतकाराच्या खोलीत घुसली.

लाकडी जमीन घासणारं मशीन घरघरत बंद पडलं. "वेड लागलंय का रे?" सुतारकाका खेकसले. पण ढोल्याला जागचा हलवणं म्हणजे काय खायचं काम होतं!

गडबड ऐकून आत्या धावत आली. थोर संगीतकाराच्या या घराचं आता संग्रहालय झालं होतं आणि आत्या तिथली व्यवस्थापक होती. म्हणून तर सुट्टीत तिघांनी तिच्याकडे मुक्काम ठोकला होता.

"आत्या, कालच्या त्या आजी खरं बोलत होत्या!" चिमणी धापा टाकत म्हणाली.

काल एक म्हाताऱ्या आजी पाहुण्यांना सांगत होत्या, "लहानपणी मी इथे त्यांच्या डावीकडे बसायचे. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. मी टाचेनं ताल धरायचे, तो फळीतून त्यांच्या तळपायाला कळायचा."

"ते एकटेच वाजवायचे. इथे थापा मारायच्या नाहीत!" आत्यानं सगळ्यांदेखत सुनावलं होतं. आजी मान खाली घालून निघून गेल्या. चिमणीला मात्र पियानोच्या डावीकडे जमिनीत टाचेएवढा एक खळगा दिसला होता. पण होडीत बसायची घाई होती! "उद्या सांगू," म्हणत ती पळाली होती.

आता ती गुडघे टेकून जमीन चाचपत होती. मशीननं घासून सगळं गुळगुळीत झालं होतं. "त्यांच्या टाचेनं पडलेला खळगा इथेच होता गं!"

"मला तर कधी खळगा दिसला नाही," आत्या म्हणाली.

"फळी तर आहे ना!" दादाचं डोकं चाललं. "डावीकडून थेट पियानोच्या या स्टुलाखालपर्यंत सलग आलीय. आत्या, चपला काढ, इथे बस आणि कानांत बोटं घाल!"

ढोल्यानं डावीकडे टाच आपटली. एकदा, दोनदा, मग तालात.

आत्याचा चेहरा उतरला. "कळतंय रे! अगदी स्पष्ट कळतंय! एवढं साधं तपासायचं मला सुचू नये?"

मागच्याच गल्लीत राहणाऱ्या आजींना आणायला ती स्वतः गेली. "आजी, चुकलं माझं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "इथे तुमच्या नावाची पाटी लावू. आणि पोरांनो, शाबास!" सुतारकाकांनीही ढोल्याची पाठ थोपटली.

चिमणीला ती शाबासकी बोचत होती. आजी पियानोपाशी बसल्या होत्या आणि त्यांची टाच जमिनीवर इकडेतिकडे सरकत होती. टाचेला तिची जुनी जागा सापडत नव्हती.

"आजी, मी काल पाहिला होता तो खळगा," चिमणीला रडू फुटलं. "कालच सांगायला हवं होतं मी!"

आजींची टाच थांबली. त्यांनी चिमणीला जवळ ओढलं.

"पाहिलास तू? खरंच? मग सांग ना बाळा, केवढा झाला होता गं?"

चिमणीनं डोळे पुसले आणि अंगठ्याचं पेर दाखवलं. "एवढा खोल होता, आजी."

"एवढा!" आजी म्हणाल्या आणि तिचा अंगठा मुठीत धरून बसून राहिल्या.