काचेवरची टिकली

द्वारका चौकात गोटीरामचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिथं एका दुपारी दोन हात एकाच चिपवर पडले. एक हात मंजुषाचा, कॉम्प्युटर क्लासात शिकवणाऱ्या मुलीचा. दुसरा जीवनचा, फुलशेती करणाऱ्या पोराचा, आणि त्यावर गुलाबाच्या काट्यांचे ओरखडे.

"एकच शिल्लक आहे," गोटीराम म्हणाला. "आपसात मिटवा. मला बाकी गिऱ्हाईकं आहेत."

"ही चिप आता कोण वापरतं?" मंजुषानं विचारलं.

"तुम्ही वापरता की!" जीवन म्हणाला.

बोलण्यात पटाईत दिसतोय, तिनं मनात म्हटलं.

साल अठ्ठ्याण्णव. जीवनकडे मस्कतच्या मामानं कधीकाळी आणलेला घरगुती कॉम्प्युटर होता… टीव्हीला जोडायचा, लिहिलेलं कॅसेटवर साठवायचं. खोड एकच – कोपऱ्यातलं एक बटण चुकून दाबलं की केलेलं सगळं गायब! ही खोड यंत्राच्या मूळ प्रणालीतच होती. ती प्रणाली सुधारून नव्या चिपवर भरायची, एवढा जीवनचा हट्ट. चिप भरायचं यंत्र मात्र होतं मंजुषाकडे, तिनं स्वतः जोडलेलं. मग काय, भांडणाचं कारणच उरलं नाही.

दर गुरुवारी क्लासला सुट्टी. बाजारात फुलं उतरवून जीवन पंचवटीत तिच्या घरी यायचा. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत बसलेले, आतल्या खोलीत हा प्रणालीचे आकडे वाचून दाखवणार, ती टाईप करणार. एक आकडा चुकला की मुसळ केरात. पण कुणाला घाई होती? 'अहो-जाहो'चं 'अरे-तुरे' केव्हा झालं, तेही दोघांना कळलं नाही.

त्यांच्या दुरुस्तीनंतर कॉम्प्युटर सगळं पुसण्याआधी विचारू लागला – नक्की?

"माणसांतही असं बसवता आलं पाहिजे," जीवन म्हणाला. "बोलायच्या आधी विचारणारं."

"काहींच्यात जन्मतःच असतं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "ते बोलतच नाहीत."

जीवनचे कान लाल झाले. पठ्ठ्या तरी बोलला नाही.

त्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तिच्यातून ऊन आत शिरलं की भरलेलं हळूहळू पुसलं जातं, म्हणून ती झाकायची. घरात चिकटपट्टी सापडेना. मंजुषानं कपाळावरची मोठी मरून टिकली काढली आणि काचेवर दाबून बसवली.

"झालं. मशीन शहाणं झालं."

पण दोघांचेही चेहरे उतरले. काम संपलं, म्हणजे गुरुवारचं निमित्त संपलं. उगाच येणाऱ्यातला जीवन नव्हता, आणि उगाच येऊ देणाऱ्यातले बाबा नव्हते. तो गेला तेव्हा मंजुषाला चक्क रडू आलं.

पुढचे गुरुवार रिकामे गेले. तिनं दोनदा खिडकीत जाऊन पाहिलं आणि स्वतःवरच चिडली. मग एक दिवस एम-एटी मोपेडवर चादरीत गुंडाळलेलं मशीन घेऊन स्वारी दारात हजर.

"मेलं," जीवन म्हणाला. "आईनं… आई सगळ्याला ऊन दाखवते ना. पापड, कुरडया, गोधड्या. याला ओल लागली असेल म्हणून यालाही गच्चीत ठेवलं. झाकण मीच उघडं टाकलेलं."

"किती दिवस?"

"कुरडया वाळेस्तोवर."

मंजुषाला हसू फुटलं. तिनं आत पाहिलं आणि हसू तिथंच थांबलं. काच उघडी होती.

"टिकली कुठंय?"

"पडली असेल."

"मी बसवलेली पडत नाही. मुद्दाम केलंस?"

"आईशप्पथ नाही!" त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून उलटं धरलं. पाठीमागे मरून टिकली. "घरी गेल्या गेल्याच काढली… तिथं आत पडून राहणार, मला बघवेना. उन्हाचं डोक्यातच आलं नाही. मला तू लय आवडतेस, मंजू."

मंजुषानं टेबलाच्या खणातून एक कॅसेट काढली.

"सगळं कॅसेटवर उतरवून ठेवलंय मी," ती म्हणाली. "पुन्हा भरायला फार वेळ नाही लागणार."

जीवनचा चेहरा पडला. "म्हणजे… परत झालंच काम."

"झालंच. मग पुढच्या गुरुवारी काय सांगून येशील?"

"तूच सांग."

"मी कशाला सांगू? मलाही तू आवडतोस, एवढं सांगितलं. बाकी तुझं तू बघ."

जीवन उठला. घड्याळ हातात तसंच धरून बाहेरच्या खोलीत गेला.

"काका, मशीनचं काम संपलंय," तो म्हणाला. "इथून पुढं मी मंजुषाला भेटायला येणार. मला तिच्याशी लग्न करायचंय."

पेपर खाली आला. बाबांनी चष्म्यावरून आधी त्याला पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या लेकीला.

"मग उभा का?" ते म्हणाले. "बस."