दुर्बिणीपाशी कोण?

२०५८ साली अमरावतीच्या एका शाळेत सहावीच्या वर्गात बोलकी भिंत होती. मुलं जे सांगतील त्याचं हलतं चित्र ती क्षणात उभं करायची.

मेळघाटातून नवीनच आलेली फुलवंती कासदेकर त्या दिवशी उभी राहिली. "मी मोठी झालेय आणि तारे शोधतेय, असं दाखव."

भिंतीवर आकाश आलं, दुर्बीण आली. पण दुर्बिणीपाशी उभी होती कुणी दुसरीच, गोरी, शहरातली बाई. तीनदा सांगूनही तीच! शेजारच्या बाकावरचा तन्मय फिसकन हसला. फुलवंती खाली बसली आणि त्यानंतर आठवडाभर वर्गात बोललीच नाही.

भिंत बनवणाऱ्या डॉ. शाहीन तांबोळींना वर्गाच्या बाईंनी बोलावून घेतलं. त्या येऊन फुलवंतीशेजारी बाकावरच बसल्या.

"मॅडम, भिंत खोटं बोलली का?"

"नाही गं. तिला तू माहीतच नव्हतीस. चूक माझी. मी तिला नमुनासंच (यंत्राला शिकवायला दिलेली उदाहरणं) दिला, त्यात शास्त्रज्ञांची लाखभर चित्रं होती, पण जवळजवळ सगळी एकाच तऱ्हेच्या माणसांची. जे पुन्हा पुन्हा पाहिलं, तेवढंच जग आहे असं ती समजली."

"आपलं डोकंही असंच शिकतं?" तन्मयने विचारलं.

"बरंचसं. माझ्या लहानपणी पुस्तकात तांबोळी नावाची एकही शास्त्रज्ञ नव्हती. कितीतरी वर्षं मला वाटायचं, हे काम आपलं नव्हे."

मग महिनाभर मुलांनी नवे नमुने जमवले, त्यांत स्वतःची छायाचित्रंही घातली. फुलवंतीने आत्याची चित्रफीत आणली. ती गावोगावच्या झऱ्यांचं पाणी तपासायची. तन्मयने कर्णबधिर काकांना आणलं. ते हातांच्या खुणांनी भूमिती शिकवत. त्यांच्याबद्दल तो वर्गात कधी बोललाच नव्हता. मुलांचं पाहून इतर शाळांनीही हजारो नमुने पाठवले. भिंत पुन्हा शिकली.

फुलवंतीने हलक्या आवाजात तेच वाक्य म्हटलं.

अंधारल्या सातपुड्याच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्यावर आकाशगंगा छतापर्यंत पसरली. आणि दुर्बिणीपाशी फुलवंती! तीस वर्षांची, तेच डोळे, तीच हनुवटी. चित्रातल्या फुलवंतीने एका अंधुक ठिपक्याकडे बोट केलं.

"तो कोणता तारा?" तन्मय कुजबुजला.

"तो भिंतीच्या कल्पनेतला," शाहीन मॅडम म्हणाल्या. "पण अजून न सापडलेले खरे तारे मोजता येणार नाहीत इतके आहेत."

फुलवंती त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "मॅडम, खरी दुर्बीण कुठे बघायला मिळेल?"