क्रमांक सहाशे बारा

"हॅलो, सुदर्शन बोलताय का?"

"व्हय. आपण?"

"मी विशाखा. वधू-वर मंडळाची वेबसाइट बघते. तुमच्यामुळं एकशे बेचाळीस जणांची लग्नं अडलीत."

पलीकडं मागं कुठल्या तरी मशीनची घरघर चालू होती. मग तो हसला.

"मॅडम, माझं एकट्याचं जमंना, आन् मी दीडशे जणांचं काय अडवणार?"

विशाखालाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. कामाच्या फोनवर हसायचं नाही, असा तिचा नियम होता. नियम तिचेच, कारण साहेबही तीच आणि नोकरही तीच. उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी एक टेबल, एक लॅपटॉप, खाली इन्व्हर्टर, एवढं तिचं ऑफिस. वेबसाइट बनवायच्या, बिघडलेल्या दुरुस्त करायच्या. शेजारणींच्या मते मात्र पोरगी घरीच बसलेली. तिची आई भामाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती दर सहा महिन्यांनी म्हणायची, "एखादी परीक्षा तरी दे गं." आणि विशाखा दर सहा महिन्यांनी तोंडावर नाही म्हणायची.

हे नवं काम अप्पारावांचं. निवृत्त मुख्याध्यापक, आता सर्वजातीय वधू-वर सूचक मंडळ चालवायचे. सर्वजातीय म्हणजे सगळ्या जातींचं, पण ज्याचा त्याचा खण वेगळा! साइट ज्यानं बनवली होती तो आता फोनच उचलत नव्हता. लग्नसराई तोंडावर, आणि यादी सहाशे नंबरवर येऊन थांबायची. पुढचं पान कोरं. पुढच्या नंबरवाल्यांचे आई-बाप रोज फोन करून सरांचा जीव खात होते.

विशाखा दोन दिवस खपली. यादी अर्धी करून बघितली, त्या अर्ध्याची परत अर्धी... करत करत एका नावापाशी आली. सहाशे बारा काढला की यादी सुरळीत धावायची. घातला की बंद.

"जातीचा रकाना तुम्ही रिकामा सोडलाय," ती म्हणाली.

"नाय सोडला. तिथं लाल चांदणी होती, भरल्याबिगर पुढं जाऊ देईना. मंग चार वेळा स्पेस दाबली. गेलं की पुढं!"

चार स्पेस! ही युक्ती साध्या माणसाला सुचत नाही. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता, तेव्हा मशीनला कुठं गुदगुल्या होतात ते त्याला कळणारच.

"मग आता भरा."

"नाय भरणार."

"का?"

"ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही माझं नावच उडवा ना. एक कमी झाल्यानं काय व्हतंय?"

अप्पारावांनीही हेच सांगितलं होतं. भर म्हणावं, नाहीतर उडव त्याला. एक बटण दाबलं की काम संपलं. पण विशाखाला एकदम राग आला... कुणाचा, ते तिलाही धड कळलं नाही.

"उडवणार नाही," ती म्हणाली. "एका माणसानं रकाना कोरा ठेवला म्हणून सगळी यादी कोलमडत असेल, तर खोट यादीत आहे. तुमच्यात नाही."

त्यानं पलीकडं मशीन बंद केलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हे वाक्य आमच्या घरी येऊन म्हणाल का?"

तिनं फोन ठेवला. कान गरम झाले होते. संध्याकाळपर्यंत तिनं साइट अशी दुरुस्त केली की कोऱ्या रकान्याचा माणूसही यादीत ताठ उभा राहील आणि त्याच्या मागचेही दिसतील.

शनिवारी तो मंडळाच्या ऑफिसात आला. सरांना मूळ कागदपत्रं बघायची होती. विशाखा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर काम करत होती. सुदर्शन उंच, सावळा, चौकड्यांचा शर्ट, नखांच्या कडेला न निघणारं ऑइल. हातात हरभऱ्याच्या टहाळाची जुडी.

"करमाडच्या शेतातला," तो म्हणाला. "खोट यादीत हाय म्हणणाऱ्या मॅडम आपणच ना?"

"आणि चार स्पेसवाले आपणच ना?"

सर झेरॉक्स काढायला खाली गेले. सुदर्शन खुर्ची ओढून बसला आणि टहाळ सोलायला लागला. सोललेले दाणे एकेक करून तिच्या माऊसपाशी ठेवू लागला. ती स्क्रीनकडं बघत होती, पण हात बरोबर दाण्यांपाशी जात होता.

"तुमचं नाव नाय का ह्या यादीत?"

"मी साइट सांभाळते. तिच्यात राहत नाही." मग ती वळली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आणि हो, आम्ही बौद्ध. आधीच सांगितलेलं बरं. लोक आडनाव विचारतात आणि मग त्यांना घाईचं काम आठवतं."

"मी तर विचारलंच नाय."

"म्हणूनच सांगितलं."

त्यानं आणखी दोन दाणे ठेवले. घाईचं काम काही त्याला आठवलं नाही.

"माझा थोरला भाऊ, इंद्रजीतदादा," तो म्हणाला. "त्याची एक मैत्रीण व्हती. लई चांगली. ह्याच रकान्यापायी घरच्यांनी मोडलं. चार वर्षं झाली. दादा घरातच ऱ्हातो, शेत बघतो, पण जेवताना मान वर करत नाय, आईशी एक शब्द बोलत नाय. आईनं मला मोबाइलवर हा फॉर्म भरायला लावला तव्हा तो समोर बसला व्हता... माझा अंगठा जाईचना त्या रकान्यात."

विशाखानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

"पण मी असते तर कोरा नसता ठेवला," ती म्हणाली. "तुम्ही कोरा ठेवला तर लोक म्हणतील, पोरगा मोठ्या मनाचा. मी ठेवला तर म्हणतील, लपवतेय. मी मोठ्या अक्षरात लिहीन."

तो तिच्याकडं बघतच राहिला. सर जिन्यावरून खोकत वर आले तेव्हा कुठं त्यानं नजर काढली.

मग त्याचे फोन सुरू झाले. साइटला रोज काहीतरी व्हायचं, आणि ते फक्त त्यालाच दिसायचं.

"मॅडम, यादीत माझा फोटो वाकडा दिसतोय."

"फोटो सरळ आहे. माणूसच तसा आहे."

"मंग येऊन दुरुस्त करा ना..."

कामाच्या फोनवर न हसण्याचा नियम आठवड्याभरात मोडला. महिन्याभरात 'मॅडम' गळून नुसतं 'विशाखा' उरलं. आपण प्रेमात पडलोय हे तिला कळलं होतं. ते तोंडानं म्हणायची वेळ आली की मात्र ती दुसराच विषय काढायची.

मंडळाचा परिचय मेळावा रविवारी होता. हॉलमध्ये पडदा, पडद्यावर यादी, आणि एकेकानं स्टेजवर येऊन आपला परिचय द्यायचा. लॅपटॉपवर विशाखा. शनिवारी सरांचा फोन आला.

"बेटा, त्या सुदर्शनच्या आईचा, दगडाबाईंचा फोन होता. पडद्यावर कोरं दिसलं तर पाहुण्यांत नाक राहणार नाही म्हणतात. मराठा लिहून टाक."

"सर, फॉर्म त्याचा आहे. तो सांगेल तेव्हाच बदलेन."

"अगं, एक शब्द तर आहे!"

"मग पासवर्ड देते. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. माझ्या हातानं होणार नाही."

सरांकडं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी नुसताच सुस्कारा सोडला. पाठोपाठ सुदर्शनचा फोन.

"उद्या आई आन् दादा संगं हायेत. मी स्टेजवरून सांगून टाकतो. तुमचं नाव."

"खबरदार!" ती जवळजवळ ओरडली. "मला माईकवरून मागायचं नाही. माझं मी सांगीन... सांगायचं असलं तर."

"असलं तर...?"

"ठेवते."

भामाबाई दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. ती आत येऊन टेबलापाशी थांबली. मग म्हणाली, "सांगायचं असंल तर दबून सांगू नको."

मेळाव्याला हॉल गच्च भरला होता. सहाशे बारा पुकारला गेला. सुदर्शननं माईक धरला. नाव सांगितलं, गाव, काम, उंची. पडद्यावर त्याच्या नावापुढचा रकाना कोरा.

"जात राहिली," सर म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, सर. कोराच ऱ्हाऊ द्या."

खुर्च्यांमधून कुजबूज उठली. तिसऱ्या रांगेत दगडाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या शेजारी इंद्रजीत, मान खाली घालून.

"बरं... अपेक्षा?"

सुदर्शननं एकदाच लॅपटॉपकडं बघितलं. नाव मात्र घेतलं नाही. "माणसाला उडवायच्या आधी खोट कुठं हाय ते बघणारी पायजे."

विशाखाचा फॉर्म रात्रीच भरून झाला होता. जमा करायचं बटण तेवढं राहिलं होतं. दुसऱ्यांच्या साइटवर दिवसातून शंभर वेळा दाबायची ती हे बटण. आज तिनं ते स्वतःसाठी दाबलं.

पडद्यावरची यादी सरसर सरकत शेवटाला गेली. यादीच्या तळाशी नवीन ओळ उमटली. क्रमांक आठशे तीन. विशाखा, उस्मानपुरा. व्यवसाय: वेब डेव्हलपर. जात: बौद्ध. अपेक्षा: क्रमांक ६१२.

हॉलमध्ये कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. मग एकदम गलका झाला. विशाखा खुर्चीवरून उठून उभी राहिली, म्हणजे ज्याला बघायचंय त्याला नीट दिसावी.

"सुदर्शन! चल खाली!" दगडाबाई ओरडल्या. "घरी चल आधी!"

तेव्हा इंद्रजीतनं मान वर केली. आधी पडद्याकडं बघितलं, मग स्टेजवरच्या भावाकडं. आईच्या खांद्यावर हात ठेवत तो म्हणाला, "खाली बस, आई. माझ्या येळंला ऐकलं मी तुझं. आता ह्याला ऐकायला लावू नको."

दगडाबाई बसल्या. पटलं म्हणून नाही. थोरल्याचा आवाज चार वर्षांनी ऐकला म्हणून बसल्या. डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआडून त्या पोरीकडं एकदा बघितलं.

"बेटा, काय केलंस हे! थांबव ती यादी!" अप्पाराव घामाघूम झाले होते.

"नाही थांबणार, सर," विशाखा म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "आता ती कुणामुळंच थांबत नाही. पुढचा नंबर पुकारा."

सुदर्शन स्टेजवरून उतरला, सगळ्यांच्या देखत चालत आला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. खिशात हात घातला. सोललेल्या हरभऱ्याचे मूठभर दाणे तिच्या माऊसपाशी ठेवले.

सरांनी चष्मा पुसला, माईकमध्ये दोनदा खाकरले, आणि पुकारलं, "क्रमांक सहाशे तेरा..."